"पेशंटला आराम आहे" म्हणजे नक्की काय? डेल्फीचा राउंड २ आणि एक अडलेलं वाक्य

निशिगंध | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसती वाचते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, तोही अभ्यासाचा. सांभाळून घ्या.

मी नर्सिंगमध्ये पीएचडी करतेय. विषय आहे कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटचा 'आराम', पुस्तकात ज्याला कम्फर्ट म्हणतात ते. वॉर्डात आपण रोज रिपोर्टमध्ये लिहितो "पेशंट कम्फर्टेबल" आणि पुढच्या ड्यूटीला ओव्हर देऊन घरी जातो. पण कम्फर्टेबल म्हणजे काय हे दहा सिस्टरना विचारा, दहा उत्तरं येतील. बीपीसारखं ते मशीनवर दिसत नाही. म्हणून आधी व्याख्या पक्की करायची आणि मग तिच्यावरून मोजायची प्रश्नावली बनवायची असं ठरलंय.

व्याख्येसाठी डेल्फी पद्धत घेतलीय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जाणकारांची यादी करायची, कोण कोण आहे हे त्यांना एकमेकांना कळू द्यायचं नाही, प्रश्नावली पाठवायची, सगळ्यांची उत्तरं एकत्र करून परत त्यांनाच दाखवायची की बाकीच्यांचं असं म्हणणं आहे, तुम्हाला तुमचं मत ठेवायचंय की बदलायचंय. अशा दोन-तीन फेऱ्या, म्हणजे राउंड.

माझ्या पॅनेलवर २२ जण आहेत. १२ कॉलेजच्या बाजूचे (प्राध्यापक आणि दोन डॉक्टर) आणि १० जणी रोज वॉर्डात उभ्या राहणाऱ्या. आधीच लिहून ठेवलं होतं की ७५ टक्के लोकांनी ५ पैकी ४ किंवा ५ गुण दिले तर तो घटक व्याख्येत राहणार. "दुखणं सहन होण्याइतकं कमी असणं", "रात्री झोप लागणं", "धाप न लागणं" हे सगळे आरामात पास झाले. अडलं ते या वाक्यावर: "पेशंटजवळ कुणीतरी बसलेलं असणं". २२ पैकी १५, म्हणजे ६८ टक्के. नियमाने बाद.

पण मी उत्तरं फोडून बघितली तर वॉर्डातल्या १० पैकी १० जणींनी हो म्हटलंय आणि कॉलेजच्या १२ पैकी फक्त ५ जणांनी. गाईड म्हणतात नियम म्हणजे नियम, काढून टाक. माझा हात धजत नाहीये. काय करू? आणि मुळात यात 'तज्ज्ञ' कुणाला म्हणायचं?

---

कोथिंबीरवडी | रात्री १०:५२

विषयातलं ओ की ठो कळत नाही पण प्रश्न वाचून थांबले. बाबांच्या वेळेस हेच "कम्फर्टेबल आहेत" ऐकून आम्ही घरी जेवायला गेलो होतो. वाचतेय.

---

आकडेमोड | रात्री ११:१५

सर्व्हे आणि आकडे हेच माझं काम, त्यामुळे आधी थोडा इतिहास. डेल्फी हे नाव ग्रीसमधल्या देवस्थानावरून, जिथे लोक कौल लावायला जायचे. पद्धत मात्र अमेरिकेतल्या रँड या संस्थेत जन्मली, १९५० च्या दशकात, आणि विषय होता अणुबाँब. सोव्हिएत बाजूने विचार केला तर अमेरिकेचं शस्त्र-उत्पादन खाली आणायला किती बाँब लागतील हा प्रश्न सात तज्ज्ञांना पाच फेऱ्यांत विचारला. पहिल्या फेरीत उत्तरं ५० पासून ५००० पर्यंत पसरलेली, शेवटी ती १६७ ते ३६० च्या दरम्यान आली. डाल्की आणि हेल्मर यांनी हे छापलं १९६३ मध्ये, तोवर ते गुप्त होतं.

आता यातली गोम बघा. तिथे विचारत होते एक आकडा, जो कुणालाच माहीत नाही पण तत्त्वतः 'आहे'. तुमचा 'आराम' तसा नाही. तो कुठेतरी पडलेला आहे आणि २२ जण मिळून शोधतायत असं नाही, त्याची हद्द कुठून कुठवर धरायची हे २२ जण ठरवतायत. म्हणजे इथे पॅनेलवर कोण बसलंय यावरच उत्तर ठरतं. बाँबच्या प्रश्नात तज्ज्ञ चुकला तर आकडा चुकतो, तुमच्या प्रश्नात तज्ज्ञ चुकीचा निवडला तर शब्दाचा अर्थच बदलतो.

---

मिसळ_पार्टी | रात्री ११:२०

बाँबपासून बेडपॅनपर्यंत आली की हो पद्धत! आकडेमोड, अजून लिहा, झोप उडाली.

---

वॉर्डनंबर_सात | मंगळवार, सकाळी ६:०५

बाळ निशिगंध, मी सरकारी दवाखान्यात ३४ वर्षं काढली, अधिपरिचारिका म्हणून लागले आणि परिसेविका म्हणून रिटायर झाले. तुझं ते वाक्य काढू नकोस एवढंच आधी सांगते, का ते खाली लिहिते.

आमच्याकडे एक म्हातारबाबा होते, तोंडाचा कॅन्सर, बोलता यायचं नाही नीट. राउंडला डॉक्टर विचारायचे "बाबा कसं वाटतंय", ते हात हलवून बरं हाय म्हणायचे. केसपेपरवर आराम. पण त्यांच्या डाव्या हातात चादरीची कड असायची, घट्ट मुठीत धरलेली, इतकी की सकाळी मावशी चादर बदलायला आली की बोटं एकेक करून सोडवावी लागायची. त्यांची नात शाळा सुटल्यावर यायची, खाटेखालचं स्टूल ओढून बसायची आणि पाटीवर काहीतरी लिहीत राहायची. बाबांकडे बघायचीही नाही. अर्ध्या तासात मूठ सुटायची. रोज. इंजेक्शन तेच, डोस तोच, वेळ तीच. मी ते पंधरा दिवस बघितलं. सहावीच्या परीक्षेमुळे ती दोन दिवस आली नाही आणि दोन्ही रात्री चादर परत मुठीत.

आता हे रात्रपाळीला ज्यांनी बघितलंय त्या दहाच्या दहा जणी हो म्हणणारच की गं. ज्यांनी खूप वर्षांत रात्र काढली नाही त्यांना दोष नाही देत मी, पण त्यांनी ती मूठ बघितलेली नाही.

---

कोथिंबीरवडी | सकाळी ७:३०

@वॉर्डनंबर_सात, डोळ्यांत पाणी आलं ताई.

---

खडू_आणि_डस्टर | सकाळी ९:४८

मी नर्सिंग कॉलेजात शिकवते, म्हणजे धाग्यात ज्यांच्यावर बोट आहे त्यातलीच. @वॉर्डनंबर_सात ताईंबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगते, मीही त्या वाक्याला कमीच गुण दिले असते आणि त्याचं कारण मला रात्रीची ड्यूटी आठवत नाही हे नाही (अकरा वर्षं केलीय, आयसीयूत).

कारण असं. वॉकर आणि अवंट यांची संकल्पना-विश्लेषणाची पद्धत आपण सगळेच शिकवतो, १९८३ पासूनची. त्यात तीन गोष्टी वेगळ्या ठेवायला सांगतात: संकल्पनेच्या आधी काय घडतं, संकल्पनेचे स्वतःचे गुणधर्म काय, आणि नंतर काय होतं. नात येऊन बसली हे आराम मिळण्याचं *कारण* झालं. मूठ सुटली हे आरामाचं *लक्षण* झालं. आराम म्हणजे नातीचं बसणं नव्हे. तुम्ही कारणच व्याख्येत घातलंत तर उद्या ज्या पेशंटला नातेवाईकच नाहीत तो तुमच्या प्रश्नावलीवर कायम 'आराम नाही' असा येणार, मग तो कितीही शांत झोपलेला असो. आणि एखाद्याला माणसं जवळ नकोच असतील तर? माझे स्वतःचे सासरे शेवटच्या आठवड्यात सगळ्यांना खोलीबाहेर काढायचे, त्यांना त्यातच बरं वाटायचं.

तेव्हा माझं मत, वाक्य व्याख्येतून काढ पण फेकू नकोस, 'आराम कशाने मिळतो' या वेगळ्या यादीत टाक.

---

वॉर्डनंबर_सात | सकाळी १०:३०

मुद्दा पटला हो मॅडम, सासऱ्यांचा तर नक्कीच. आमच्याकडेही एक बाई होत्या, नवरा आला की भिंतीकडे तोंड करायच्या. पण मग "धाप न लागणं" हे तरी काय आहे? तेही कारणच झालं ना, धाप थांबली म्हणून आराम पडला. ते कसं पास झालं आणि माणूस जवळ असणं का नापास?

---

खडू_आणि_डस्टर | सकाळी ११:०२

...हा प्रश्न मी आजच्या एमएससीच्या वर्गात विचारणार आहे. खरंच. शरीराचं आहे ते आपण आपोआप 'आतलं' धरतो आणि माणसांचं आहे ते 'बाहेरचं'. विचार करून लिहिते.

---

बोरीबंदर_टू_बर्मिंगहॅम | दुपारी २:१५

इकडे यूकेत नर्स आहे, मूळची डोंबिवलीची. तुमच्या विषयाच्या शेजारचं एक उदाहरण देते.

इकडे प्रत्येक पेशंटचा न्यूज स्कोअर (तब्येत बिघडतेय का ते सांगणारा आकडा) काढतात, श्वास, ऑक्सिजन, बीपी, नाडी, शुद्ध, ताप यांचा मिळून. २०१२ मध्ये आला, २०१७ ला सुधारून न्यूज-२ झाला. पण सगळ्या जुन्या सिस्टरना माहीत असतं की कधीकधी स्कोअर चांगला असतो आणि पेशंट 'बरा दिसत नाही'. विचारलं काय दिसतंय तर सांगता येत नाही, नुसतं पोटात खड्डा पडतो. हे इतकं हवेतलं वाटतं की डॉक्टरला फोनवर सांगायला लाज वाटायची. नेदरलँड्समधल्या डाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर काम केलं, २०१५ च्या आसपास छापून आलं, नर्सच्या काळजीमागे नक्की काय काय असतं ते त्यांनी नऊ गोष्टींत बसवलं. श्वासात बदल, रक्ताभिसरण, थंडी वाजून हुडहुडी, बोलण्या-समजण्यात फरक, चुळबुळ, दुखणं, अपेक्षेइतकी सुधारणा न दिसणं, पेशंटने स्वतः "मला बरं वाटत नाही" म्हणणं. आणि नववी गोष्ट मला सगळ्यात आवडते, नर्सला नेमकं सांगता येत नाही पण काहीतरी बिघडलंय असं वाटणं. म्हणजे ज्याची व्याख्या होत नाही त्यालाही त्यांनी यादीत एक जागा दिली, काढून टाकलं नाही.

आणि नातेवाईकांचं म्हणाल तर २०२१ मध्ये मार्था मिल्स नावाची मुलगी इथे वारली, आईवडील सांगत होते तब्येत बिघडतेय, त्यांचं ऐकलं गेलं नाही. तिच्या नावाने २०२४ पासून मार्थाज रूल इंग्लंडमधल्या हॉस्पिटलांत लागू होत गेला, घरच्यांना काळजी वाटली तर ते थेट दुसऱ्या टीमला बोलावू शकतात. म्हणून निशिगंध, तुझ्या २२ मध्ये एकही पेशंट किंवा नातेवाईक नाही हे मला पहिल्यांदा खटकलं.

---

आठआणे | दुपारी ४:४०

हाच प्रतिसाद शोधत होतो. मी नातेवाईक आहे, दुसरं काही नाही.

आईला दोन वर्षं हाडांचा कॅन्सर होता. प्रत्येक वेळी विचारायचे, आजी, शून्य ते दहा, दुखणं किती? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सगळ्यात जास्त. आईला हे कधीच जमलं नाही. ती म्हणायची "आठ आणे आहे". नर्स तरुण होत्या, त्यांना कळायचं नाही, एकीने आठ लिहून टाकलं आणि इंजेक्शनचा डोस वाढवायचं बोलणं सुरू झालं. मग मी सांगितलं अहो, आठ आणे म्हणजे रुपयातले अर्धे, निम्मं दुखणं उरलंय असं म्हणतेय ती. पुढे मी वहीच केली. बारा आणे, चार आणे, एकदा "आज सोळा आणे बरं आहे" म्हणाली, म्हणजे उलटं मोजत होती, दुखणं नाही, आराम मोजत होती! तेव्हा मला समजलं की तिच्या डोक्यात नुसता दुखण्याचा आकडा नव्हता, आरामाचाही होता. ती दुखणं आणि आराम ह्या वेगवेगळ्या गोष्टी धरत होती. एके दिवशी म्हणाली "दुखतंय बारा आणे पण आराम आहे". त्या दिवशी माझी बहीण नागपूरहून आली होती.

हे कुठल्या तज्ज्ञाला विचारणार? आई गेली. पण वही आहे.

---

निशिगंध | दुपारी ५:१०

आठआणे, मी हे तीनदा वाचलं. "दुखतंय बारा आणे पण आराम आहे". माझ्या प्रबंधाचा सगळा विषय या वाक्यात आहे.

मार्गो मॅकॅफ्री नावाच्या नर्सने १९६८ मध्ये लिहून ठेवलंय, सोसणारा माणूस जे आणि जेव्हा दुखतंय म्हणतो तेच दुखणं. आम्ही हे पहिल्या वर्षाला पाठ करतो. आणि तरी पॅनेल करताना मी सोसणाऱ्या एकाही माणसाला घेतलं नाही. बर्मिंगहॅमताईंचं खटकणं बरोबर आहे.

---

शब्दवेल्हाळ | संध्याकाळी ७:२५

मला नर्सिंग कळत नाही पण शब्द कळतात, म्हणून थोडं अवांतर. कम्फर्टला आराम म्हणून मोकळं होता येणार नाही. मराठीत "आराम कर" म्हणजे पडून राहा. "आराम पडला" म्हणजे त्रास होता तो कमी झाला. "आरामात आहे" म्हणजे मजेत आहे. तिन्ही वेगळे. तुमच्या २२ जणांपैकी कुणी कोणता आराम धरून गुण दिले ते विचारलंत का?

---

वऱ्हाडी_ठेचा | संध्याकाळी ७:४०

आमच्याकडे म्हणतेत "आता बरं वाटून राह्यलं". आराम म्हटलं का बुढा म्हनते मले कायचा आराम, वावरात काम पडलं हाय!

---

मांडवी_काठ | रात्री ८:०५

गोव्यात कुणी विचारलं तर 'सुशेगाद' म्हणतील, पण ते आजारी माणसाला लावत नाहीत, जेवून दुपारी पडलेल्याला लावतात. एक आठवलं म्हणून लिहितो, 'शांती अवेदना सदन' आहे ना, १९८६ ला वांद्र्यात सुरू झालं, गोव्यातही आहे. नावातच बघा, अवेदना वेगळी आणि शांती वेगळी. ज्याने नाव ठेवलं त्याला आठआणे यांच्या आईचं म्हणणं समजलेलं असणार.

---

खडू_आणि_डस्टर | रात्री ९:३०

शब्दवेल्हाळ, फार नेमकं. कॅथरीन कोल्काबा यांची कम्फर्ट थिअरी आहे, त्यातही तीन प्रकार आहेत आणि ते तुमच्या मराठीला जवळजवळ लागू पडतायत. पहिला, असलेला त्रास कमी होणं, ते "आराम पडला". दुसरा, निवांत असणं, ते "आरामात आहे". तिसऱ्याला मराठी शब्द मी इतकी वर्षं शोधतेय, त्रास आहे तसाच आहे पण माणूस त्याच्या वर उठतो, तग धरतो. 'उभारी' म्हणावं का? आठआणे यांच्या आईचं बारा आणेवालं वाक्य म्हणजे हा तिसरा प्रकार.

आणि सकाळचं उत्तर: मी चुकले. कोल्काबांनी शरीर, मन, आजूबाजूची जागा आणि माणसं-नाती असे चारही संदर्भ कम्फर्टच्या आतच धरलेत. मी माणसांना बाहेर ढकलत होते. वर्गात पोरींनीही हेच सांगितलं.

---

रात्रपाळी_२ | रात्री ११:५०

मला जरा कडवट लिहायचंय. एमएससीला माझं टूल (म्हणजे प्रश्नावली) ११ तज्ज्ञांकडे व्हॅलिडिटीला, म्हणजे प्रश्न योग्य आहेत का ते तपासायला पाठवलं होतं. ३८ प्रश्न. एका ठिकाणाहून व्हॉट्सअ‍ॅपवर सही शिक्क्याचं सर्टिफिकेट वीस मिनिटांत आलं, फाइल उघडलीसुद्धा नव्हती, कारण फाइलला पासवर्ड होता आणि तो मी पाठवायचा विसरले होते. प्रबंधात छापलं "तज्ज्ञांच्या मते टूल योग्य". मला आजही त्या पानाची लाज वाटते, आणि रागही येतो. तेव्हा तज्ज्ञ तज्ज्ञ म्हणताना जरा जपून.

---

आकडेमोड | बुधवार, सकाळी ८:२०

@रात्रपाळी_२, राग योग्य आहे. पण ती पद्धत आणि डेल्फी यात गल्लत नको. तुमचं होतं कंटेंट व्हॅलिडिटी: प्रश्न आधी तयार असतात आणि तज्ज्ञ फक्त चारपैकी गुण देतात, ३ किंवा ४ देणाऱ्यांचं प्रमाण काढायचं, तज्ज्ञ सहा किंवा जास्त असतील तर ते किमान ०.७८ पाहिजे, पाच किंवा कमी असतील तर सगळ्यांचं एकमत पाहिजे. १९८६ मध्ये लिन यांनी नर्सिंग रिसर्चमध्ये मांडलेलं. डेल्फीत पहिली फेरी मोकळी ठेवता येते, घटक लोकांकडूनच येतात, आणि एकदा न वाचता सही केली तरी पुढच्या फेरीत परत प्रश्न समोर येतो.

आता मूळ प्रश्न. टक्केवारीचं काही आकाशातून पडलेलं प्रमाण नाही. २०१४ मध्ये डायमंड आणि सहकाऱ्यांनी १०० डेल्फी अभ्यास तपासले, ७५ टक्के हा मध्यावरचा आकडा निघाला, पण कुणी कमी धरतं कुणी जास्त. महत्त्वाचं हे की आकडा आधी लिहून ठेवायचा. निशिगंधने ठेवला होता, म्हणून आता तो ७५ चा ६५ करणं ही चोरी होईल. ते करू नको.

पण ६८ टक्के म्हणजे "बरेच जण थोडेसे सहमत" असं तुझ्याकडे नाहीये. १० पैकी १० आणि १२ पैकी ५ म्हणजे दोन वेगळे गट आहेत आणि त्यांची सरासरी काढून तू एक तिसराच माणूस तयार केलास जो पॅनेलवर नाहीच. रँड आणि यूसीएलए या विद्यापीठाची जी १ ते ९ गुणांची पद्धत आहे त्यात हे वेगळं काढतात, नऊ जणांच्या पॅनेलमध्ये तीन जण १ ते ३ मध्ये आणि तीन जण ७ ते ९ मध्ये असतील तर त्याला 'मतभेद' असं नाव देतात, त्याची मध्यम बाजू घेत नाहीत. तुझ्या ५ गुणांच्या पट्टीवर तो नियम जसाच्या तसा बसणार नाही पण तत्त्व बसेल. पुढच्या फेरीत दोन्ही गटांचे निकाल वेगवेगळे दाखव.

---

पाचामुखी | सकाळी ९:०५

मी गावाकडचा, शेती. तुमची डेल्फी म्हणजे आमचं "पाचामुखी परमेश्वर"च की. फक्त पारावर पाटील कोण हे सगळ्यांना दिसतं आणि पाटील बोलला की बाकीचे माना हलवतात. तुमच्यात पाटील पडद्यामागे, हे चांगलंय.

पण बोकड खांद्यावर घेऊन निघालेल्या ब्राह्मणाची गोष्टही आहे, एकेक ठग भेटून म्हणतो कुत्रा का घेतलाय, आणि शेवटी तो बोकड टाकून देतो. तिथंही सहमतीच झाली होती!

---

आकडेमोड | सकाळी ९:२२

पाचामुखी, डेल्फीवरची सगळ्यात मोठी टीका तुम्ही दोन ओळींत लिहिलीत. रँडमध्येच काम करणाऱ्या हॅरॉल्ड सॅकमन यांनी १९७४ मध्ये हेच मांडलं, की फेरीगणिक लोक बहुमताकडे सरकतात ते पटलं म्हणून की कंटाळून, हे कळत नाही. म्हणून नुसती टक्केवारी परत पाठवायची नाही, वेगळं मत देणाऱ्यांची *कारणं* नाव न घालता पाठवायची. कारण वाचून मत बदललं तर ती सहमती. आकडा बघून बदललं तर बोकडाचा कुत्रा.

---

मिसळ_पार्टी | सकाळी ९:२५

'बोकडाचा कुत्रा' हा शब्द प्रबंधात आलाच पाहिजे.

---

निशिगंध | शनिवार, संध्याकाळी ६:१५

तीन दिवस गायब होते, सगळ्यांचे प्रतिसाद प्रिंट काढून गाईडकडे घेऊन गेले. दीड तास बसलो. सुरुवातीला त्या ठाम होत्या, मग मी आठआणे यांचा प्रतिसाद वाचून दाखवला (नाव गाव काही नाही, तेवढंच) आणि त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यांचे वडील मागच्या वर्षी गेले हे मला माहीत नव्हतं.

ठरलं ते असं. ७५ ची रेघ हलणार नाही. राउंड २ मध्ये वाक्य बाद झालं हे तसंच छापायचं, गटांनुसार आकड्यांसकट. राउंड ३ मध्ये ते नव्या शब्दांत परत जाणार, आणि सोबत दोन्ही बाजूंची कारणं जाणार: खडूमॅडमचा एकट्या पेशंटचा मुद्दा आणि वॉर्डच्या बाजूची मूठ. या दोन्ही गोष्टी पाठवायला तुमची परवानगी हवी. कॉलेजच्या पॅनेलवरच्या एकांनी राउंड २ मध्ये शेरा लिहिला होता, "हे नर्सिंगच्या कक्षेत येत नाही, नातेवाईकांचं काम आहे". तोही शब्दशः जाणार.

दुसरं, एथिक्स कमिटीकडे सुधारणा टाकतेय, पेशंट आणि सांभाळणाऱ्या घरच्यांचं वेगळं पॅनेल. त्यांना प्रश्नावली नाही देणार, खाटेपाशी बसून बोलणार, पट्टी आण्यांची चालते का तेही बघणार. सहा महिने वाढतील. चालेल.

फक्त ते वाक्य नव्याने कसं लिहू ते सुचत नाहीये. "कुणीतरी बसलेलं असणं" लिहिलं तर सासऱ्यांसारखी माणसं सुटतात. "पेशंटला हवं तेव्हा माणूस उपलब्ध असणं" लिहिलं तर सरकारी जीआर वाटतो.

---

खडू_आणि_डस्टर | संध्याकाळी ६:४०

माझी परवानगी आहे. सासऱ्यांचं खुशाल लिही. त्यांनी आम्हाला बाहेर काढलं होतं पण दार लावू द्यायचे नाहीत, हे आत्ता लिहिताना आठवलं. फटीतून आमची चाहूल त्यांना लागायला हवी असायची.

---

आठआणे | संध्याकाळी ७:१०

वही स्कॅन करून पाठवतो. बहिणीला विचारलं, तीही हो म्हणाली.

---

वॉर्डनंबर_सात | संध्याकाळी ७:५५

मुठीचं खुशाल पाठव. आणि बसलेलं-बिसलेलं काही लिहू नकोस गं. रात्री दोनला पेशंट हाक मारतो ना, "कोण आहे का?", तेव्हा त्याला पाणी नको असतं, बेडपॅन नको असतं. मी टेबलावरून नुसतं "आहे हो बाबा" म्हटलं तरी पुढची हाक यायची नाही. असं लिही: "हाक मारली तर ओ देणारं कुणीतरी आहे हे पेशंटला ठाऊक असणं."

---

निशिगंध | रात्री ८:०२

जसंच्या तसं घेतलं. राउंड ३, वाक्य क्रमांक १४. सोमवारी पाठवते.